पांढरी तार

डोन्या एदुविनाचं घर बाहेरून जस्ताचं.
पन्हाळी पत्रे, समुद्राकडच्या अंगाला निळे,
शेजाऱ्याकडच्या अंगाला पैसे पुरले तिथपर्यंत निळे.
मी दारातूनच म्हटलं : हे पत्रेच खातात सिग्नल.
पाय पुसायच्या आधी माझं निदान झालेलं.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात इवला पंखा,
त्याची एकच पाकळी उजळलेली.
शैवाल वेचणाऱ्या बायकांचा हिशेब
पाचच्या आत कास्त्रोच्या कचेरीत पोचायला हवा होता :
सत्तावीस जणींची नावं, ओल्याचे किलो, वाळल्याचे किलो.
पाठवणीची पट्टी निम्म्यावर येऊन
हटून बसली होती, नावेत चढायला नको म्हणणाऱ्या मेंढीसारखी.

मी राउटर फ्रिजमागून काढला,
कपाटावर संत अंतोनियोच्या शेजारी ठेवला.
(संताला थोडं सरकावं लागलं. तिनेच सरकवलं.)
चॅनल सहावरून अकरावर नेला,
वीज वाचवायची खूण काढली, ड्रायव्हर नवा घातला,
पाच आकड्याचं वेगवान, भिंतीला बुजणारं नेटवर्क सोडून
जुनं, मंद, भिंतीतून वाट काढणारं धरलं.
मग घरभर फिरलो, लॅपटॉप दोन्ही हातांवर,
काठोकाठ भरलेलं सुपाचं पातेलं न्यावं तसा.
माळ्यावर एक पाकळी.
चुलीपाशी एक.
बटाट्यांच्या कोठीत एक, तीही येत-जात.

राउटरला खेटून उभा राहिलो, तेव्हा दोन.

दोनच.
तिथे थांबायला हवं होतं मी. थांबलो नाही.
चुलीला बोल लावला, एवढं ओतीव लोखंड.
आरशाला लावला. चिलोएच्या पावसाला.
धक्क्यावरच्या नव्या बोटीच्या रडारलाही.
ती ऐकत होती, चुलीत लाकूड सारत होती.
मग एप्रनच्या खिशातून फोन काढला,
तडकल्या काचेचा, पिठाने माखलेला,
आणि माझ्या हातांशेजारी धरला.
अख्खा पंखा.
"याला नाही का रे दिसत पत्रे, नोलबेर्तो?"

लॅपटॉप पालथा केला. नऊ स्क्रू.
त्यातला एक आखूड, लांबाच्या जागी बसवलेला.
तो आखूड स्क्रू मी ओळखला.

गेल्या जूनमध्ये बिजागरी तुटली म्हणून
पडदा मीच बदलला होता, वादळात वीज गेलेली,
कपाळाला टॉर्च बांधून, शेवटची फेरी गाठायच्या घाईत.
पडद्याच्या कडेने दोन तारा येतात, काळी आणि पांढरी,
शेवयांएवढ्या. बिजागरीतून खाली उतरतात
आणि दोन सोनेरी टिकल्यांवर बसतात.
काळी बसलेली होती.
पांढरी बाजूला, चिकटपट्टीखाली,
पट्टीवर माझ्या अंगठ्याचा ठसा, अजून स्वच्छ.

नऊ महिने हे यंत्र एका कानाने ऐकत होतं.
नऊ महिने ही बाई हिशेब घेऊन
चढ चढून शाळेच्या पायऱ्यांवर बसत होती,
कारण फोनवर मीच सांगितलं होतं : तुमचे पत्रे.

तार टिकलीवर टेकवली, नखाने दाबली.
टक्.
चुलीत लाकूड तडकलं आणि तिला ऐकूच आलं नाही.
पाकळ्या भरल्या. पट्टी पुढे सरकली, गेली.
चार बेचाळीस.

जिभेवर होतं : ढिली होते कधीकधी, जुनं यंत्र.
आमच्या धंद्यात अंगण नेहमीच वाकडं असतं.
"मी लावायलाच विसरलो होतो," म्हटलं,
नऊ स्क्रू मोजत, मान वर न करता.

ती बोलली नाही. सूप वाढलं.
पैशांचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.
राउटर वरच राहिला,
पण संत अंतोनियोला तिने पुन्हा मधोमध आणलं.

बाहेर पडलो तेव्हा फेरीचा भोंगा झाला होता.
जाता जाता निळ्या पत्र्यावर तळहात ठेवला,
ओला आहे का, एवढंच बघायला.
ओला होता.