अर्ध्या वाटेवर दम

याच्या सख्ख्या भावंडांना पंख आहेत.
ती आत्ता अटलांटिकवर कुठेतरी
उणे पन्नास अंशांचं फुकटचं गार वारं पीत असतील.
याला मात्र आम्ही डकोटाच्या सपाट मातीत
काँक्रीटच्या चौथऱ्यावर बोल्टांनी जखडलं,
पुढचा पंखा काढला, नाकाशी नळ जोडला,
आणि म्हटलं, आता कुठे जायचं नाही. वीज कर.

हवा दाबली की तापते.
सायकलच्या पंपाला हात लावलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं.
तापली की फुगते, हट्टाला पेटते,
आणखी दाबायची तर पात्यांच्या नाकी नऊ.
निम्मी ताकद अशी हवेची समजूत काढण्यातच जाते,
तारेपर्यंत पोचते ती उरलीसुरली.

मी फळ्यावर दाखवत होते:
हवेला अर्ध्या वाटेवर बाहेर काढायचं,
माणूस ताठ चालेल एवढ्या नळातून नेऊन
गार पाण्याच्या बारीक नळ्यांवरून फिरवायचं,
दम खाऊ द्यायचा,
मग परत आत, उरलेला चढ चढायला.
मागच्या बाकावर आर्विड स्कोग्लुंड, आमचा वेल्डर,
आजोबांच्या स्वीडिश रीतीनं कॉफी बशीत ओतत होता.
फुंकर न घालताच म्हणाला,
"म्हणजे बशी."
कागदोपत्री काहीही असो,
त्या दिवसापासून तिला सगळे बशीच म्हणतात.

जानेवारीत तिनं आम्हाला लाडावून ठेवलं.
बाहेर थुंकी गोठत होती,
आणि थंडगार यंत्र दहा मिनिटांत पूर्ण भाराला.
कुणीतरी केक आणला. माझ्या वाट्याला कोपरा आला.

मग जुलै.
संध्याकाळी वारा पडला.
टेकाडावरच्या पवनचक्क्या
नाव विसरल्यासारख्या उभ्या राहिल्या.
तीन गावांचे एसी एकदम घुरघुरू लागले, फोन आला.
आम्ही सुरू केलं.
नवव्या मिनिटाला जमीन थरथरली, सुई लाल पट्टीत,
आणि बटण मीच दाबलं.
त्या रात्री गावं अंधारात उकडून निघाली.

आत कॅमेरा घातला तर
पात्यांच्या कडा टोचलेल्या, जणू गारा लागल्यात.
गारा? भर जुलैत?
तीन दिवस आम्ही धातूवर संशय घेतला,
वेल्डिंगवर घेतला. आर्विड बोलेनासा झाला.

चौथ्या सकाळी फाटकाशी
धान्याच्या ट्रकवरची डॉर्लीन फीट्झ कपाळ पुसत म्हणाली,
"वीस मैल मका घाम गाळतोय.
दोरीवरचे कपडे वाळत नाहीत बघ."

मी तिथेच उभी राहिले.
पानापानातून सुटलेली वाफ आम्हीच तर आत ओढत होतो,
दाबत होतो, गार करत होतो.
मग पाणी जाणार कुठे?
बशीत.
आणि बशीतून थेंब थेंब,
बंदुकीच्या गोळीच्या वेगानं, पात्यांवर.

इतकी वर्षं उष्णतेशी भांडत आले,
ओलाव्याकडे पाहिलंच नव्हतं.
आर्विडची माफी मागितली. तो म्हणाला,
"पन्हळ कुठे लावायची ते सांग."

आता बशीच्या मागे वाकड्या पट्ट्यांची जाळी आहे,
थेंब त्यात वाट चुकतात,
खाली एका तोटीतून बाहेर पडतात.
दमट संध्याकाळी धार लागते, मनगटाएवढी.
डॉर्लीन त्यात ट्रकची काच धुते,
उरलेलं चरातून परत मक्याकडे जातं.

कधी वरून एखादं भावंड जातं, लाल दिवा मिचकावत.
खालचं हे मान वर करत नाही.
त्याचा आवाज एकसुरी झाला की मी वही उघडते.
नळाचं दुसरं वळण अजून खटकतंय.
जाता जाता तिथे हवा थोडा दाब सांडते.
ते सरळ करता आलं तर...
आर्विडला विचारायला हवं, निवृत्तीच्या आधी.