कानाचा धडा

जुलैत सहा टॅब आले.
एकाची काच वाटेतच तडकली,
पांढरकवड्याच्या बसमधे, माझ्याच मांडीवर.
खोक्यातलं थर्माकोल पोट्ट्यांनी आधी वाटून घेतलं.
टॅब मी कपाटात ठेवले, खडूंशेजारी, कुलूप लावून.

सुरू केला की तो पहिले विचारतो :
तुमची मातृभाषा निवडा.
खाली यादी. वर सरकवली, खाली सरकवली,
कोलामी नव्हती.
मी एकोणीसच्या एकोणीस नावांपुढं मराठी टाकलं.
घाई होती. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते
आणि एका हातानं मी शिडी धरली होती.

आतली बाई गोड आहे. थकत नाही, चिडत नाही,
तिला पगारवाढ नको, बदली नको.
'व्हेजिटेबल' तिच्या जिभेवर विरघळतं.
माझ्या तोंडातून चार तुकडे पडतात,
घाटंजीच्या बोबडे सरांनी टेबलावर छडी आपटत
एकेक करून दिलेले :
व्हे. जि. टे. बल.
तेच चार मी इथं आणले, या पोडावर,
जिथं मी बोलतो ती मराठीसुद्धा
लेकरं पाहुणीसारखी वागवतात,
उठून जागा देतात,
आणि मी वळलो की आपसात आपलं बोलतात.

ऑक्टोबर. कापूस फुटलेला, निम्मा वर्ग वेचायला.
नाक झालं, तोंड झालं, कानावर गाडी अडली.
पडद्यावर एक गुलाबी कान, न टोचलेला.
इयर, म्हणाले पोट्टे. एअर. इय्यर.
लाल. ट्राय अगेन.
लाल. ट्राय अगेन.
इतकी गोड की कुणाला राग येऊ नये,
आणि कुणाला पुन्हा बोलावंसंही वाटू नये.

सोमी टेकामचा भाऊ पोचू, पटावर नसलेला,
तिच्या फ्रॉकला धरून मघापासून कुरकुरत होता.
ती वैतागली, मान वळवून त्याला म्हणाली :
ईर?
पडदा हिरवा झाला.
चांदणी उडाली. टाळ्या वाजल्या. एक्सलंट, सोमी!

चोरी पकडल्यासारखी तिनं माझ्याकडं पाहिलं.
"मी नाही म्हटलं, सर. ह्याले तहान लागली.
ईर म्हंजे पाणी."

तीन वर्षं झाली मला इथं.
तीन वर्षं याच हँडपंपाचं पाणी पितो.
रोज गेला असेल हा शब्द माझ्या कानावरून
आणि मी तो गोंगाटात धरला असेल,
"गप्प बसा" म्हणालो असेन त्याला.

मग काय, सहाही टॅबवर ईर, ईर, ईर,
चांदण्याच चांदण्या.
कुणीतरी 'किस' म्हणून पाहिलं. त्यांच्यात विस्तव.
पडद्यावर चंबू केलेले ओठ आले
आणि पुढची दहा मिनिटं शाळा शाळा राहिली नाही.

"सर, आता तुमी म्हणा."
म्हटलं. नीट, घसा साफ करून, बीएडसह.
लाल.
पुन्हा म्हटलं. मधे तो 'य' येतोच माझ्या,
बोबडे सरांचा, छडीसकट.
लाल.
सोमी पडद्याकडं न पाहता म्हणाली,
"ट्राय अगेन, सर."

बाईच्या मागून न म्हटलेलं
तिचं हे पहिलं इंग्रजी.

संध्याकाळी टाकीवर चढून अहवाल पाठवला.
कान : नऊपैकी नऊ.
मातृभाषेचा अडथळा : नाही.
दुरुस्त करावं म्हणून रकाना शोधला.
रकाना नव्हता.

पोचूचं सांगायचं राहिलं.
आमच्या चांदण्या मोजून होईस्तोवर
तो कधीच निघून गेला होता.
हँडपंपाच्या दांड्याला लोंबकळला,
उतरून धारेखाली तोंड धरलं, पुन्हा लोंबकळला,
आणि परत आला तेव्हा
दोन्ही कानांपर्यंत ओला होता.