वगळलेलं वर्ष

सतरा वर्षांचे आकडे होते, मी सोळाच घेतले.
बांध फुटला ते नववं साल आलेखात
किडक्या दातासारखं ठणकायचं,
म्हणून उपटलं. तळटीप दिली: अपवाद.
निबंध छापून आला. सुधारित भात जिंकलं.

आज आडबंदरच्या खाजणात
शेवंता कोयंडे, गुडघाभर चिखलात,
माझ्या तक्त्यावर बोट फिरवत थांबली.
"त्या वर्साचां खंयच नाय गे बाय?
खाडी शेतात इली, तुमचां भात कुजलां,
आमचां तांबडां मिठात उभां रवलां.
आठ घरां त्याच्यारच जगली."

मी म्हटलं, त्यानं सरासरी बिघडते.
"बांध फुटलो तेवा
तुजी सरासरी खंय होती?"

ओहोटी लागली होती.
तिला उघाडीच्या फळ्या काढायच्या होत्या,
माझ्या उत्तरासाठी ती थांबली नाही.

रात्री वेंगुर्ल्याच्या खोलीत कागद उलगडला.
आठव्या आणि दहाव्या ओळीमधे
तिच्या बोटाचा चिखल सुकलाय.
खरवडला नाही. त्याच्या शेजारीच लिहिलं:
सुधारित, शून्य. तांबडं, एकरी सहा मण.

रेघ खाली जाते, फार खाली.
तिथून पुढं ती कशी काढायची
मला अजून ठाऊक नाही.