बारा काड्यांची बाग

सहा आठवडे झाले, आडवी आहे मी.
डॉक्टरीणबाईंनी बजावलंय,
संडासापर्यंत जायचं आणि परत यायचं, बस्स.
म्हणून बाळाची खोली मला दिसत नाही,
नुसती ऐकू येते.

भिंतीपलीकडे एइमान्तास बसलाय फरशीवर.
दिवसभर क्लायपेडाच्या धक्क्यावर
चाळीस मीटर उंच केबिनीतून
तो कंटेनर उचलतो,
टोपलीत अंडं ठेवावं तसा अलगद खाली ठेवतो.
आणि रात्री त्याला एक काडी धड धरवत नाही.

कट्‌.
शिवी.
बराच वेळ काही नाही.
कट्‌.

राय धान्याच्या या काड्या त्याच्या मावशीनं पाठवल्यात
झारासायहून, वर्तमानपत्रात गुंडाळून,
वर पेन्सिलीनं ताकीद:
कोमट पाण्यात भिजव, मगच दोरा ओव,
घाई केलीस तर तडकतील
तुझ्या आजोबांसारख्या.

"फुटली," तो ओरडतो.
"कितवी?"
"मोजत नाही मी."
म्हणजे मोजतोय.
लग्नाला नऊ वर्षं झाली आमच्या,
इतक्या काड्या मोडल्या त्यानं या आठवड्यात,
काडीमोड तेवढा राहिलाय.

आधी देवमासे झाले होते,
बंदरावरच्या केळ्यांच्या खोक्यातून कापलेले.
एकाच्या पोटावर अजून अर्धं इक्वाडोर आहे म्हणे,
ते खोडायचं नाही असं ठरलंय,
कुठून आलो ते माशाला माहीत असावं.

मग एका सकाळी मी विचारलं,
"माझा हिरवा स्वेटर कुठाय?"
भिंत गप्प.
त्याचे गोंडे झाले होते.
जेवणाच्या काट्याभोवती लोकर गुंडाळायची,
मधोमध आवळायची, कडा कातरायच्या,
हे त्याला क्रेनवरच्या दाइनियुसनं शिकवलं,
ज्याला स्वतःला मूल नाही.
एक बाही ठेवलीय, टोपीसाठी.
स्वेटर तसाही मला आता होत नव्हता,
हे मी मुद्दाम सांगितलं नाही.

पण खरी ती बाग.
बारा काड्यांचा एक हिरा,
चार त्रिकोण वर, चार खाली,
आत फक्त हवा.
एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा टांगत जायचं,
की त्याला आमच्या भाषेत बाग म्हणतात.
माती नाही, पाणी नाही,
पाळण्याच्या वर लटकते
आणि शेजारच्या खोलीत कुणी दार लोटलं
तरी फिरते.

रोज कामावर जाताना तो हिशेब देतो.
सोमवारी चार हिरे.
बुधवारी सात.
"आज नऊ, आणि मधला मोठा तर असा जमलाय,
की मावशी रडेल."

काल रात्री मी संडासापर्यंत गेले
आणि पुढे अकरा पावलं गेले.

दिवा चालू होता.
तो झोपला होता, बसल्या बसल्या,
भिंतीला डोकं टेकून, दोऱ्याचं टोक दातात.
भोवती तुटक्या काड्यांचा सडा,
एखादं घरटं कुणी उसवावं तसा.
हिरव्या गोंड्यांची माळ एका बाजूनं निसटलेली.
आणि छताच्या खिळ्याला
तीन हिरे.
मी पुन्हा मोजले.
तीन. त्यातला एक तिरका.

चौकट धरून उभी राहिले मी,
किती वेळ ते डॉक्टरीणबाईंना सांगणार नाही.
खिडकी बंद होती, दार स्थिर होतं,
तरी तिन्ही हिरे हळूहळू वळायला लागले.
मग लक्षात आलं,
मी श्वास सोडला होता.

आज सकाळी बूट चढवता चढवता तो म्हणाला,
"अकरा झाले."
"वा," मी म्हणाले, उशीला टेकून, अगदी आडवी.
"अकरावा कसा झालाय?"

नाडी बांधायची थांबली.
बाहेर जहाजाचा भोंगा वाजला एक लांबलचक,
तो संपेपर्यंत तो बोलला नाही.
"वाकडा," तो म्हणाला शेवटी.
"पण फिरतो."