निचरा

पहिल्या दिवशी आजगावकर बाई
डिग्रजच्या शिवेवरल्या त्या पांढऱ्या रानात उतरल्या,
चिमूटभर माती जिभेवर ठेवली
आणि थुंकल्या नाहीत.
नेमगोंडा माझ्याकडं बघून डोळ्यांनीच हसला.

एकोणीस एकर.
पंचवीस वर्षं ऊस पाण्यात उभा.
पाटाचं दार लावायला विसरलो, असं आम्ही सांगतो.
खरं म्हणजे पाणी हाताशी होतं आणि झोप गाढ होती.
मग एका उन्हाळ्यात मीठ फुटलं,
गोवर फुटावा तसं,
आधी बांधाकडेला, मग पोटाशी,
मग गावानं त्या रानाचं नाव काढणं सोडलं.
लव्हाळा आला. पाणकणीस आलं.
म्हशी डबक्यात बसायला आल्या,
आणि शेकाट्या,
लाल पायांच्या, उसन्या काड्यांवर चालल्यागत.

माझं काम लेव्हल धरायचं.
शंभर फुटाला अडीच इंच उतार.
चार फूट चर, त्यात भोकं पाडलेला काळा पाईप,
पाईपाला कापडाची खोळ, वरून तीच माती.
नवव्या दिवशी ऑपरेटर रफिकचं बोट चेचलं,
हळद भरून तो परत मशीनवर बसला.
पंधराव्या रात्री चेंबरचं झाकण काढून
आम्ही बॅटरी मारली:
करंगळीएवढी धार.
नेमगोंडानं ओंजळ धरली, तोंडाला लावली.
"लगा, घाम हाय ह्यो."

चेंबरच्या कडेला बसून बाई म्हणाल्या,
आमच्याकडे खाजण असतं.
भरतीला खारं पाणी आत येतं, ओहोटीला जातं,
मधल्या चिखलात कुर्ल्या, चिपीची झाडं, बगळे.
माझ्या बाबांनी भाताच्या हौसेनं बांध घातला.
भात दोनदा आलं.
तिसऱ्या साली चिखलाला वास सुटला, कुर्ल्या गेल्या,
चिपी उभ्या उभ्या वाळली.
एका अवसेला उठून ते स्वतःच कुदळ घेऊन गेले
आणि बांध फोडला.
सकाळी आई रागानं बोलली नाही,
पण दुपारी तीच बघायला गेली,
पाणी कुठवर आलंय.

तिकडं मीठ आत घेतलं, इथं बाहेर काढतोय,
असं मला म्हणायचं होतं,
पण नेमगोंडानं विचारलं,
"बाई, धैंचा कवा टाकायचा?"

धैंचा आला, कमरेएवढा. गाडला. पुन्हा पेरला.
यंत्रावरचा आकडा अकरावरून सहावर आला,
मग चारवर येऊन हटून बसला.
खालच्या मळ्यातली सुगंधा चौगुले एका सकाळी
रिकामी घागर घेऊन आली.
"तुमचं रान गोडं झालं.
मीठ ओढ्याला लावलं. वड्याकडंची हीर माझी हाय."
कोण काही बोललं नाही.
बाईंनी वहीत लिहून घेतलं,
तिच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं.
समुद्र इथून पश्चिमेला, घाट उतरला की आलाच.
पण आमचं मीठ ओढ्यातून कृष्णेत,
आणि कृष्णा पूर्वेला निघालेली,
वाटेतल्या सगळ्या घागरी चुकवत तिनं जायचं, हे कसं.

राहिला कोपरा, अकरा गुंठ्यांचा, सगळ्यात खोलगट.
मशीन तिकडं वळवायचं त्या दिवशी
नेमगोंडा आधीच तिथं होता,
चपला काढून, उन्हात.
पायाजवळ खड्यांच्या ताटलीत चार अंडी,
चिखलाच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची.
डोक्यावर शेकाटी ओरडून ओरडून फिरत होती.
त्यानं मला काही सांगितलं नाही.
नुसती एक खुंटी ठोकली आणि बाजूला झाला.

मी लेव्हल लावली. भिंगातून पाहिलं.
उतार बसत होता,
दोन इंच तरी नक्की.
रजिस्टरात लिहिलं:
कोपरा सोडला. उतार बसत नाही.
बाईंनी वाचलं, माझ्याकडं पाहिलं,
आणि खाली सही केली.