आठवा महिना, हुसाविक

साडेतीनलाच अंधारतं.
दिवसभर कॉड कापत उभे राहून सुजलेले पाय
स्टाइनव्होर पाण्यात सोडते.
बाहेर उणे सहा, तलावात एकोणतीस.

जमिनीवर ती बदक झालीय.
इथं मात्र
पोटाचा भार पाणीच धरतं,
जिना चढताना शेजारणीनं पिशवी धरावी तसा.

एक फेरी. दुसरी.
तिसरीला आतून लाथ:
पुरे म्हणतंय, की अजून?

कडेच्या वाफेतून म्हातारे थोरग्रीमुर हाकारतात,
"दोन जिवांची तू, बस जरा!"
"दोघांनाही बसून कंटाळा आलाय."

केसांवर बर्फ साचतं.
इथल्या भाषेत सुईण म्हणजे उजेडाची आई.
ती म्हणाली होती,
पोहताना मधेच एखादी ओळ बोलून बघ;
बोलता आली, तर चालू दे.

स्टाइनव्होर बोलायच्या ऐवजी गाते.
सूर चुकतो,
दम नाही.