धाकटी थोरा

स्ट्रॉमनेसच्या वल्हेकरी क्लबाची शेड.
होड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या आहेत,
डांबराचा वास मात्र आतच राहिलाय.
प्रार्थना नको, पाणी शिंपडणं नको,
आईवडिलांनी फोनवरच सांगितलं होतं.
दोन चांगले शब्द, मग चहा.

मी दोन्ही करते, बारशी आणि मर्तिकं.
कोट एकच आहे, काळसर निळा.

खिशातून घडी काढली, वाचू लागले:
"थोरा रेंडल. हिला वारा आवडायचा.
गणितात कच्ची होती, व्यवहारात पक्की.
वादळाच्या रात्री खिडकीत दिवा लावून ठेवायची,
घरचं कुणी समुद्रावर नसलं तरी."

कुणीतरी खोकलं.
पहिल्या रांगेत मॅन्सी, तिचा नवरा, आता नुसता आजोबा,
फेब्रुवारीतली माझी वाक्यं ओळखून
ताठ झाला.

कागद चुकीचा होता. नाव बरोबर.
जुन्या शिडाच्या घडीवर बसवलेली
सात महिन्यांची थोरा
टोपीची नाडी चघळत होती.

मी माफी मागणार, तेवढ्यात एर्लेंड,
तिचा भाऊ, वय चार, खुर्चीवर चढला:
"तिला व्यवहार येत नाही.
तिला बसतासुद्धा येत नाही. पडते."

आधी हसला मॅन्सी.
त्या हसण्यात दुसरं किती होतं ते मी मोजलं नाही.
"वाच पुढे," म्हणाला, "काळ तेवढा बदल."

मग उभ्याउभ्या, पेनाशिवाय,
एकेक ओळ पुढे सरकवत गेले.
'आवडायचा'च्या जागी 'आवडेल का, बघू',
'होती'च्या जागी 'असेल कदाचित,
नसली तरी चालेल'.
दिव्यापाशी अडले.
तिथे भविष्यकाळ लावायचा
म्हणजे एवढ्याशा पोरीला रात्रभर जागवायचं.
तिथे काळ बदलला, आणि कर्ताही:
"आम्ही दिवा लावून ठेवू."
शेडमधले चाळीस जण, न सांगता:
"ठेवू."

मग नाव. मोठ्याने, एकदाच.
थोरा दचकली, तोंडातली नाडी सुटली,
सगळ्यांकडे पाहत
हळूहळू डावीकडे कलंडली.
एर्लेंड म्हणाला, "बघा."

बरोबर कागद चहाच्या वेळी सापडला,
दुसऱ्या खिशात. छान लिहिला होता.
बॅनकवरचं लोणी बोटांना लागलं होतं,
ते त्याला पुसलं.